सोलापूरहून गुलमर्गला निघताना: हलकी आणि पटकन वळणारी स्की कशी ओळखायची

गड्ड्याची यात्रा उरकली, की सोलापुरात बर्फाकडे जायचे बेत शिजायला लागतात. वेळही बरोबर असते. जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी हे गुलमर्गच्या स्कीइंगचे भरवशाचे दिवस. डिसेंबरच्या सुट्टीत बर्फाचा थर पातळ निघण्याची भीती असते आणि मार्च सरत आला की दुपारी बर्फ लापशीसारखा होतो. कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तिथून विमानाने श्रीनगर, पुढे गाडीने साधारण ५० किलोमीटर. तिकिटं, हॉटेल, स्वेटर, कानटोप्या, शेंगाचटणी, कडक भाकरी, सगळ्याची यादी होते. पायाला काय बांधणार, याची यादी मात्र कुणी करत नाही.

मग भाड्याच्या दुकानात जी जोडी हाताशी असेल ती मिळते. १५५ सेंटीमीटर उंचीच्या, ५५ किलो वजनाच्या बाईच्या हातात १६५ सेंटीमीटरची, ऐंशी किलोच्या पुरुषासाठी बनवलेली ताठ स्की येते. दोन दिवस ती पडत राहते आणि ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं ठरवून परत येते. तिच्यात काही कमी नसतं. त्या स्कीला वाकवायला लागणारं वजन तिच्याकडे नव्हतं, एवढंच. हे दुकानातच ओळखता आलं तर सात दिवसांच्या सहलीतले निदान पाच दिवस खऱ्या आनंदाचे जातात.

स्की वळते कशी

स्की वरून पाहिली तर पुढचं टोक रुंद, मधली कंबर बारीक आणि शेपूट पुन्हा रुंद दिसते, ताणून लांब केलेल्या डमरूसारखी. तिच्यावर तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ १२०-७४-१०४. टोक, कंबर आणि शेपटीची ही रुंदी मिलिमीटरमध्ये असते. स्की कडेवर कलली की आत गेलेली कंबर बर्फापासून अधांतरी राहते. वर वजन पडलं की स्की मधोमध वाकते, कंबर बर्फाला टेकते आणि पूर्ण कड कमानीसारखी होते. ती कमान म्हणजेच वळण. पाऊल पिळून स्की फिरवायची नसते, तिला कलवून त्या कमानीवरून जाऊ द्यायचं असतं.

ही कमान ज्या वर्तुळाचा तुकडा आहे, त्याची त्रिज्या ‘आर’ या अक्षरापुढच्या आकड्यात मीटरमध्ये लिहिलेली असते. त्याचा हिशोब घरीही करता येतो. वरच्या उदाहरणात टोक आणि शेपटीची सरासरी ११२ येते. त्यातून कंबरेचे ७४ वजा केले की ३८ उरतात, त्याचे निम्मे १९ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक बाजूने कंबर १९ मिलिमीटर आत गेली आहे. बर्फाला टेकणारी लांबी १३५ सेंटीमीटर धरली, तर लांबीच्या वर्गाला या खोलीच्या आठपटीने भागायचं: १.३५ गुणिले १.३५, भागिले ८ गुणिले ०.०१९. उत्तर १२ मीटर. स्की जास्त कलवली की वर्तुळ आणखी लहान होतं. ३० अंश कलली तर ते सुमारे साडेदहा मीटरचं होतं, ४५ अंशांना साडेआठचं.

हौसेने स्की करणाऱ्या बाईला ११ ते १४ मीटरची त्रिज्या सोयीची. १७-१८ मीटरची स्की वेगात शांत चालते खरी, पण सौम्य उतारावर हळू जाताना ती वळायला तयारच होत नाही, आणि शिकणारी बाई हळूच जाणार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तर सगळ्या स्की जवळजवळ सरळसोट होत्या. त्रिज्या ४० मीटरच्या पुढे, लांबी माणसाच्या डोक्यावर. स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने १९९३ मध्ये खोल कंबरेची एससीएक्स ही स्की आणली आणि काही वर्षांत सगळ्या कंपन्या त्या आकाराकडे वळल्या. तेव्हा कुणी माळ्यावरची जुनी, सडपातळ, सरळ स्की प्रेमाने देऊ केली तर ती भिंतीवर छान दिसेल. पायात घालू नका.

आता वाकण्याबद्दल, कारण खरी मेख तिथेच आहे. आकडे कितीही चांगले असले तरी स्की वाकलीच नाही तर ते आकडे छापील राहतात. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनावर चालतो. जाडी फक्त १० टक्क्यांनी कमी केली तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. म्हणून दोन स्की डोळ्यांना सारख्या दिसूनही पायाखाली अगदी वेगळ्या वागतात. दुकानात हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. शेपूट जमिनीवर टेकवा, डाव्या हाताने टोक धरा आणि उजव्या तळव्याने मधोमध दाबा. तुमच्या बेताच्या जोराने स्की सरळ, सारख्या कमानीत वाकली पाहिजे. पुढचा भाग जरा मऊ आणि शेपूट किंचित ताठ असेल तर उत्तम. खांद्याचा जोर लावूनही ती जेमतेम हलली तर ती परत ठेवा.

मग दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा. मधे फट दिसते तो कॅम्बर, म्हणजे धनुष्यासारखा ताण. टोकं एकमेकांपासून लवकर दूर जातात तो रॉकर, होडीच्या नाळेसारखा उचललेला भाग. टोकाला थोडा रॉकर असला की वळण सुरू करताना कड बर्फात अडकत नाही, आणि पायाखाली कॅम्बर असला की कडक बर्फावर पकड राहते. तुम्हाला हे दोन्ही एकत्र हवं. टोकापासून शेपटीपर्यंत उचललेली स्की ताज्या खोल बर्फासाठी असते. दाबून सपाट केलेल्या उतारावर ती भिरभिरते.

कंबरेची रुंदी ६८ ते ७६ मिलिमीटर पुरे. बुटाचा तळ साधारण ७० मिलिमीटर रुंद असतो. स्की त्याहून फार रुंद झाली की तिला कलवताना कड पायापासून लांब पडते, आणि तेवढा जोर घोट्याला आणि गुडघ्याला द्यावा लागतो. गुलमर्गच्या दुकानांत ९५-१०० मिलिमीटरच्या रुंद स्की भरपूर दिसतील, कारण तिथे जगभरातून लोक गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने ३,९०० मीटरच्या वर, अफरवट डोंगराच्या भुसभुशीत बर्फात उतरायला येतात. ते हिमस्खलनाचं क्षेत्र आहे आणि नवख्यांचं ते काम नाही. खाली २,६५० मीटरवरच्या बाळउतारांवर त्या रुंद स्कीचा उपयोग शून्य, त्रास पुरेपूर.

हलकी म्हणजे कुठे हलकी

बाइंडिंगसकट (बूट स्कीवर धरून ठेवणारी पकड) बायकांच्या चांगल्या हलक्या जोडीचं वजन ४ ते ५ किलोच्या आसपास भरतं. शर्यतीच्या धाटणीची, खाली प्लेट बसवलेली जोडी सहा किलोच्या पुढे जाते. हा फरक आधी खांद्याला कळतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पाचशे मीटरवर आहे. तिथून एकदम २,६५० मीटरवर गेल्यावर स्की खांद्यावर घेऊन लिफ्टपर्यंत दोनशे पावलं चालली तरी धाप लागते.

वळताना मात्र एकूण वजनापेक्षा ते वजन कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. भरलेली कळशी कमरेशी धरून चालणं सोपं. तीच हात लांब करून धरली तर दोन पावलांत हात भरून येतो. स्कीचंही तसंच आहे. फिरवायला लागणारा जोर पायापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. टोकाकडे ७० सेंटीमीटरवर असलेले १०० ग्रॅम, ३५ सेंटीमीटरवरच्या १०० ग्रॅमपेक्षा चौपट जाणवतात. म्हणून चांगल्या हलक्या स्कीत टोक आणि शेपूट पातळ, आतून हलकं केलेलं असतं आणि वजन पायाखाली ठेवलेलं असतं. दुकानात स्की मधोमध एका हातात आडवी धरा आणि मनगटाने डावी-उजवीकडे हलवून बघा. थांबवताना टोक मनगटाला ओढत राहिलं तर टोकाशी वजन आहे.

आतलं लाकूड हे वजनाचं मोठं कारण. पॉलोनिया फार हलकं, पॉप्लर मध्यम, बीच आणि अ‍ॅश जड पण दमदार. ‘टायटॅनल’ लिहिलेलं असेल तर आत अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा आहे. वेगात तो स्कीची थरथर शोषून घेतो, पण स्कीला जड आणि ताठही करतो. पहिल्या दोन-तीन सहलींना टायटॅनलचे दोन पूर्ण थर असलेली स्की नको. कार्बनच्या पट्ट्या वजन न वाढवता ताठपणा देतात. हेड कंपनीने २०१४ च्या हंगामात ‘जॉय’ ही फक्त बायकांसाठीची मालिका ग्राफीन (कार्बनचाच एक अतिशय पातळ, मजबूत प्रकार) वापरून आणली, त्यातही हेतू हाच होता. अ‍ॅटॉमिकची क्लाउड, रोसिन्योलची नोव्हा, फोल्कलची फ्लेअर, एलानची वाइल्डकॅट या अशाच मालिका. पण एकाच मालिकेत मऊ आणि ताठ अशा दोन्ही स्की असतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. तळव्याची परीक्षा प्रत्येक जोडीला.

स्वच्छ सांगायचं तर अति हलकंही वाईट. सकाळी रात्रभर गोठलेल्या कडक उतारावर फार हलकी स्की खडखडते, आणि दुपारी लोकांनी तुडवून ढिगारे केलेल्या बर्फात तिचं टोक जिकडे ढकललं जाईल तिकडे जातं. एकेक स्की किलोभर वजनाची असते ती चढून जाण्यासाठीची टूरिंग स्की. ती हलकी म्हणून उचलू नका, तिचं बाइंडिंग आणि बूटही वेगळे असतात.

‘बायकांची’ हा शिक्का किती खरा? काही मालिकांत पुरुषांच्याच स्कीला वेगळा रंग आणि कमी लांबी देऊन काम भागवलेलं असतं. खऱ्या अर्थाने वेगळ्या स्कीत गाभा पातळ असतो, लाकूड हलकं असतं आणि बाइंडिंगची जागा एक-दोन सेंटीमीटर पुढे असते. बायकांचं वजन शरीरात थोडं खाली आणि मागे असतं, त्यामुळे बूट जरा पुढे बसला की स्कीच्या टोकावर दाब आणणं सोपं जातं. उलट, ७५ किलोच्या धडधाकट बाईला बायकांची अगदी मऊ स्की वेगात डळमळीत वाटेल. तिने पुरुषांची मध्यम स्की घेण्यात काहीच गैर नाही. स्कीला फक्त वजन आणि वेग कळतो.

लांबीचं थोडक्यात. उभी केलेली स्की साधारण नाकापर्यंत यावी. १५० सेंटीमीटर उंची आणि ५० किलो वजन असेल तर १३८ ते १४२. १५५ आणि ५८ असेल तर १४४ ते १४८. १६२ आणि ६५ असेल तर १५० ते १५४. उंची आणि वजन जुळत नसेल तर वजनाचं ऐका: उंचीच्या मानाने वजन जास्त असेल तर ४-५ सेंटीमीटर वाढवा, कमी असेल तर तेवढीच उतरवा. तिसऱ्या सहलीला स्नोप्लाउ (टोकं जवळ आणि शेपट्या फाकवून वेग रोखणं) सोडून दोन्ही स्की समांतर ठेवून वळता येऊ लागलं की मग नाकापासून कपाळापर्यंत जा. पोलचं, म्हणजे हातातल्या काठीचं, मापही सोपं आहे. पोल उलटा धरून मूठ खालच्या चकतीच्या लगेच खाली ठेवा, कोपर काटकोनात आलं पाहिजे. १५५ उंचीला साधारण ११० सेंटीमीटरचा पोल बसतो.

बूट, सगळ्यात आधी बूट

स्कीबद्दल एवढं सांगून झाल्यावर हे ठामपणे सांगायला हवं: पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते बुटावर घाला आणि स्की भाड्याने घ्या. वर्षातून सात दिवस जाणाऱ्या बाईला स्वतःची स्की लागत नाही. पण बूट सैल असेल तर जगातली सर्वात सोपी स्कीसुद्धा वळणार नाही. तुम्ही नडगी पुढे झुकवता, ती हालचाल आधी बुटातली मोकळी जागा भरून काढण्यात जाते आणि स्कीपर्यंत पोहोचतच नाही.

स्कीबुटाचं माप म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी. २३.५ म्हणजे साडेतेवीस सेंटीमीटरचं पाऊल. घरी कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर वजन देऊन उभ्या राहा आणि सर्वात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. दोन्ही पावलं मोजा, मोठं धरा. हे माप एप्रिल-मे मध्ये घेऊ नका. बेचाळीस अंशांच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाय सुजलेले असतात आणि माप अर्ध्या नंबराने वाढतं. डिसेंबरात घ्या. साधारणपणे २३ आणि २३.५, किंवा २४ आणि २४.५ यांचं बाहेरचं कवच एकच असतं.

खरी परीक्षा रिकाम्या कवचाची. आतला मऊ बूट काढून बाजूला ठेवा, पाय कवचात घाला, बोटं पुढे टेकेपर्यंत सरका. टाच आणि कवच यांच्या मधे दीड ते दोन सेंटीमीटर जागा असावी, म्हणजे एक जाड बोट किंवा दोन सडपातळ बोटं. तीन बोटं गेली तर बूट मोठा आहे. दुकानदार ‘जाड मोजे घाला’ म्हणेल तरी नको. मग आतला बूट परत घालून बकला लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबल्यावर ती मागे सरून मोकळी झाली पाहिजेत. टाच उचलायचा प्रयत्न केला तर ती हलता कामा नये.

आपल्याकडच्या बायकांचे बुटात घोळ होतात ते काही खास कारणांनी. आयुष्यभर चपला वापरलेलं पाऊल पुढून पसरट असतं, त्यामुळे लांबी बरोबर असूनही बूट चावतो आणि मग एक नंबर मोठा घेतला जातो. तसं करू नका. बुटाच्या पुढच्या रुंदीचा आकडा पाहा: ९८ मिलिमीटर अरुंद, १०० ते १०२ मध्यम, १०३-१०४ ऐसपैस. लांबी तीच ठेवून रुंदी वाढवा. दुसरी अडचण पोटरीची. बायकांची पोटरी पुरुषांपेक्षा खालून सुरू होते. पुरुषांच्या उंच बुटाची वरची कड नेमकी तिच्यात रुतते, वरचं बकल लागत नाही, आणि ते उघडं ठेवलं की नडगीचा आधार जातो. बायकांच्या बुटाची मान आखूड आणि वरून रुंद असते. बकलाची दाती पुढच्या भोकात सरकवायचीही सोय असते, ती मागून घ्या.

जोडवी काढून ठेवा. बुटात बोटं पाच-सहा तास दाबलेली असतात. जोडवी शेजारच्या बोटात रुतते आणि बोट सुजल्यावर निघतही नाही. पैंजणाचंही तसंच, घोट्याच्या हाडावर वळ उठतो. काचेच्या बांगड्या पोलच्या पट्ट्याखाली अजिबात नकोत, पडताना सगळा भार मनगटावर येतो.

आणि मोजा एकच. पातळ, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, गुडघ्यापर्यंतचा. दोन मोजे घातले की ते एकमेकांवर सरकून घड्या पडतात, घडीखाली रक्त थांबतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. बुटात मोज्याशिवाय दुसरं काहीही जाता कामा नये, थर्मलची कड नाही, सलवारीची चुण तर नाहीच. थर्मल नडगीच्या मध्यापर्यंत दुमडा. संध्याकाळी नडगी काळीनिळी होते, त्यामागे बहुतेक वेळा अशी एखादी घडी किंवा सैल बूट असतो.

ताठपणाचा आकडा, ज्याला फ्लेक्स म्हणतात, शिकणाऱ्या बाईला ५० ते ७० आणि सराव झालेलीला ७० ते ९०. थंडीत प्लास्टिक कडक होतं, त्यामुळे सोलापुरात घरी घालून पाहिलेला बूट गुलमर्गच्या सकाळी उणे आठ अंशांत त्याहून ताठ वाटेल, हे धरूनच निवडा. बूट आणले की निघण्याआधी दोन आठवडे रोज वीस मिनिटं घरात घालून बसा, उभ्या राहा, नडगी पुढे दाबा. पंखा लावूनही घाम येईल, तरी हे करा. कुठे चावतो ते घरीच कळलेलं बरं. जोडीचं वजन तीन-साडेतीन किलो असतं. विमानात ते हातातल्या सामानात न्या. स्की हरवली तर दुसरी मिळेल, पायाला बसलेला बूट मिळणार नाही.

बाइंडिंगचा आकडा

बाइंडिंगचं काम पडताना बूट सोडून देण्याचं. किती जोराला सोडायचं ते स्क्रूवरचा आकडा ठरवतो, त्याला डिन म्हणतात. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्यातून काढतात. वजन आणि उंचीच्या ओळी वेगवेगळ्या आल्या तर सौम्य ओळ घ्यायची आणि पन्नाशी उलटली की आणखी एक ओळ कमी. साधारण ५५ किलोच्या, जपून स्की करणाऱ्या बाईचा आकडा ३ ते ४ च्या आसपास येतो. भाड्याच्या स्कीवर आधीच्या पुरुषाचा ७ तसाच राहिलेला असू शकतो. ७ वर तुमचा बूट सुटणार नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जाईल. गुडघ्याच्या आतले अस्थिबंध, विशेषतः एसीएल हा पुढचा बंध, फाटण्याचं प्रमाण स्कीइंगमध्ये बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आहे. म्हणून इथे संकोच करू नका. पुढचा आणि मागचा, दोन्ही स्कीवरचे चारही आकडे स्वतः वाचा. मात्र स्क्रू स्वतः फिरवू नका, दुकानातल्या कारागिराकडून करून घ्या.

एका कागदावर आधीच लिहून ठेवा: वजन किलोत, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी (कवचाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ २७५ किंवा २८५) आणि ‘नवशिकी’ किंवा ‘मध्यम’. सगळ्यांसमोर वजन सांगायला लाजून पाच किलो कमी सांगितले तर बूट चालता चालता सुटेल. खरं वजन लिहून चिठ्ठी हातात द्यावी.

मग मध्यखूण तपासा. बुटाच्या कवचावर तळाच्या मध्याशी एक रेघ असते, स्कीवरही एक रेघ असते. बूट बसवल्यावर दोन्ही जुळायला हव्यात. मोठा बूट बसवताना फक्त मागचा भाग मागे सरकवलेला असेल तर तुमचा पाय एक-दोन सेंटीमीटर मागे पडतो, टोक हलकं होतं आणि वळण सुरूच होत नाही. असं झालं तर लोक ‘पुढे झुका, पुढे झुका’ ओरडत राहतात, आणि दोष असतो सरकपट्टीचा. बुटाचा तळ ग्रिपवॉकचा, म्हणजे चालायला सोपा गोलसर रबरी असेल, तर बाइंडिंगवरही ग्रिपवॉक लिहिलेलं हवं. जुन्या सपाट तळाच्या बाइंडिंगमध्ये तो नीट सुटत नाही.

उतारावर वळत नसेल तर

कारण शोधताना पायापासून सुरुवात करा. बकला पुन्हा आवळा. अर्ध्या तासात अस्तर दबून बूट सैल होतोच. तरी फरक नाही तर नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकली आहे का ते पाहा. पोटरी मागे टेकलेली असेल तर तुम्ही मागे बसला आहात, शेपटीवर वजन आहे आणि टोक हवेत तरंगतंय. भीतीने सगळेच मागे बसतात. उतार कमी करा, हात पुढे, ट्रेमध्ये चहाचे कप धरल्यासारखे.

हे सगळं बरोबर असूनही स्की रुळावर चढल्यासारखी सरळच धावते आणि वळायला धक्का मारावा लागतो, तर तळ तपासा. स्की उलटी करा, तळावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि उजेडाकडे धरून बघा. पट्टी दोन्ही कडांवर टेकून मधे उजेड दिसला तर तळ मधून खोलगट झाला आहे, कडा वर राहिल्या आहेत. अशी स्की कुणालाच वळत नाही, बदलून घ्या. उलट, मधे टेकून कडांशी उजेड दिसला तर ती कडक बर्फावर पकड धरणार नाही, साबणावर चालल्यासारखं होईल. कड बोथट आहे का हे नखाने कळतं. नखाची पाठ कडेवर हलकेच आडवी ओढा, बारीक कीस निघाला तर धार आहे. टोक आणि शेपटीचे शेवटचे काही सेंटीमीटर मुद्दाम थोडे बोथट केलेले असावेत. तिथेही तीक्ष्ण धार असली की स्नोप्लाउमध्ये टोक अचानक बर्फात रुततं.

स्की मधेच अडखळते, पुढे जाताना ओढल्यासारखी वाटते, आणि तळ पांढरट, केसाळ दिसतो? मेण संपलंय. दुकानात पुन्हा लावून मिळतं, संध्याकाळी स्की परत करतानाच सांगून ठेवा.

पहिले दोन दिवस प्रशिक्षक घ्या. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग संस्था आहे. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेतं. हिमाचलात सोलंगला मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचे वर्ग होतात. तिथल्या वर्गात मिळणाऱ्या स्कीवरही हीच सगळी तपासणी करून घ्या, प्रशिक्षकांना तिचा राग येत नाही.

परत आल्यावर, सोलापूरच्या उन्हात

स्वतःची स्की असेलच, तर प्रवासात दोन्ही तळाला तळ लावून, मधे कापडाची पट्टी घालून, दोन ठिकाणी बांधा आणि सोलापुरी चादरीत गुंडाळा. त्या जाड विणीतून बर्थखालच्या लोखंडाचे धक्के आत पोहोचत नाहीत. टोकांना आणखी एक टॉवेल बांधा. ओली स्की मात्र चादरीत ठेवून आणू नका. गुलमर्ग सोडण्याआधी कडा टर्किश टॉवेलने कोरड्या पुसा, घरी आल्यावर पुन्हा पुसा. दोन दिवस ओलसर गुंडाळीत राहिली तर स्टीलच्या कडेवर तांबूस गंज धरतोच.

उन्हाळ्याआधी तळावर मेणाचा जाड थर इस्त्रीने वितळवून लावा, कडांवरूनही, आणि तो खरवडू नका. तळ सुकत नाही आणि कडांपर्यंत हवा जात नाही. इस्त्री १२० ते १४० अंशांच्या दरम्यान असावी. मेणातून धूर आला की ती फार तापली आहे. एका जागी इस्त्री थांबवली तर तळ कायमचा बिघडतो, म्हणून हात सरकता ठेवा. पुढच्या सहलीआधी तो थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचा.

पत्र्याच्या खोलीत आणि गच्चीवरच्या माळ्यावर मात्र काहीच ठेवू नका. मे महिन्यात पत्र्याखालची उष्णता बाहेरच्या त्रेचाळीस अंशांहून कितीतरी वर जाते. मेण मऊ पडतं, आणि वर्षानुवर्षं अशी उष्णता खाल्ली की स्कीच्या थरांना धरणारा चिकटा कमजोर होतो. आतल्या खोलीत, भिंतीला उभ्या, जमिनीपासून थोड्या वर. बुटांचं अस्तर बाहेर काढून सावलीत पूर्ण वाळवा, परत घाला आणि बकला पहिल्या भोकात हलक्या लावून ठेवा. न लावता ठेवलेला बूट उष्णतेत पसरून आकार बदलतो.

जुने बूट कुणाकडून घेणार असाल तर बनवल्याचं वर्ष विचारा. काही बुटांचं कवच पॉलियुरेथेनचं असतं. हवेतली आर्द्रता आणि उष्णता ते आतून कमजोर करत जातात, बाहेरून ते चकचकीत दिसत राहतं आणि दहा-बारा वर्षांनी उतारावर अचानक तुकडे होऊन फुटतं. घोट्याजवळच्या सांध्याभोवती आणि टाचेच्या कडेला नख दाबून पाहा. तिथे केसासारख्या भेगा दिसल्या तर ते बूट घेऊ नका, कितीही बरोबर बसत असले तरी.